शब्दचर्चा : पंख वाकलाय, बाकलाय की पिळलाय?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)

सोसायटीतल्या पाच-सहा मुलांना सुट्टीत प्लॅस्टिकची विमानं जोडायला शिकवतोय. आपल्या ओझरला मिग-२१ बनायचं आणि २०२५ च्या सप्टेंबरात ते हवाई दलातून निवृत्त झालं, त्यामुळे मुलांनी एकमतानं तेच निवडलं. १/७२ मापाचं, जोडून झालं की साधारण वीतभर. किटमधली पत्रिका इंग्रजीत आहे, म्हणून मराठीत एक पानी टिपण लिहायला घेतलं. कापणे, घासणे, चिकटवणे इथवर पेन भराभर चाललं. मग खोक्यातून एक पंख निघाला तो टेबलावर सपाट बसेना. याला इंग्रजीत ‘वॉर्प्ड’ म्हणतात. मी ‘वाकडा पंख सरळ कसा करावा’ असं लिहिलं, तर एक मुलगी म्हणते, “काका, मिगचा पंख वाकडाच असतो ना? त्रिकोणी!”

तिचं बरोबर आहे. ‘वाकडा’ म्हटल्यावर मूळचाच तसा की नंतर बिघडलेला, हे कळत नाही. नेमका शब्द कोणता?

सातपूर

मोल्डिंगच्या शॉपमध्ये बावीस वर्षं काढली. आम्ही सरळ ‘पीस बेंड येतोय’ म्हणतो. ‘वार्पेज’ हा शब्द फक्त कस्टमरच्या तक्रारीत दिसतो, आणि तो दिसला की सगळ्यांची तोंडं उतरतात.

कारण साधं आहे. प्लॅस्टिक थंड होताना आकसतं. पॉलिस्टायरीन (अशा किटांचं प्लॅस्टिक बहुधा हेच) शेकडा अर्ध्याच्या आसपास, पॉलिप्रॉपिलीन त्याच्या दुप्पट-तिप्पट. पण सगळीकडे सारखं आकसलं तर पीस नुसता लहान होईल, बेंड होणार नाही. जी बाजू जाड असते किंवा साच्याच्या गरम अंगाला असते, ती मागून थंड होते, मागून आकसते आणि पीसला आपल्याकडे ओढते. त्यात वरून ‘नग वाढवा’ असा तगादा असला की सायकल टाइम, म्हणजे एका पीसला साच्यात मिळणारा वेळ, कापतात, पीस गरम असतानाच साच्यातून बाहेर येतो आणि पेटीत पडल्या पडल्या वेडावाकडा होतो.

आणखी एक सांगतो. कधीकधी दोष कारखान्याचा नसतोच. किट पत्र्याखालच्या माळ्यावर दोन उन्हाळे पडलं असेल आणि वर जुन्या वह्यांचा गठ्ठा असेल, तर चांगला पीसही दबून बसतो.

जुनं नाशिक

आमच्याकडे तीन पिढ्या सुतारकाम. वाड्यांची दारं, चौकटी, देव्हारे. तुमच्या एका इंग्रजी शब्दात आमचे दोन आजार कोंबलेत.

फळी लांबीत धनुष्यासारखी झाली की तिनं ‘बाक धरला’. आणि चारांपैकी एक कोपरा उचलला गेला की फळीला ‘पीळ आला’. (पावसाळ्यात दार अडकतं ते ‘फुगणं’, तो तिसराच प्रकार, इथे नको.) ओळखायला आरसा घ्या, पंख त्यावर ठेवा. दोन्ही टोकं टेकून मध्ये फट दिसली तर बाक. कोपऱ्यावर बोट टेकवल्यावर लंगड्या पाटासारखा डुगडुगला तर पीळ.

हे नुसतं शब्दांचं कौतुक नाही. इलाज वेगळा आहे. बाक दाबून जातो. पीळ दाबून जात नाही. दाबाल तेवढा वेळ फळी गरीब गाईसारखी पडून राहते, हात काढला की कोपरा पुन्हा वर.

पंचवटी

सायकलवाल्यांचा शब्द राहिला! चाक लडबडतं तेव्हा ‘रिमला आउट आहे’ म्हणतात आणि तारा आवळून ‘आउट काढून’ देतात. माझ्या मते हा शब्द आता पुरता मराठी झालाय. पण तो फिरणाऱ्या वस्तूला. पंखाला ‘आउट’ म्हटलं तर मुलं बोट वर करून पंचाची नक्कल करतील.

जुन्या मराठीत ‘उजू’ होतं, संस्कृत ‘ऋजु’वरून आलेलं. ‘पंख उजू करा.’ ऐकायला गोड, पण कोणी वापरत नाही.

कॉलेज रोड

‘पीळ’ लिहिणार असाल तर म्हण आडवी येईल. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. असे पंख गरम पाण्यात बुडवून सरळ करतात ना? मग मुलं विचारतील, गरम पाण्यानं कसा जातो?

प्रश्नकर्ता

हा मुद्दा झकास. काथ्याचा दोर जळला तरी राख वळलेलीच दिसते. प्लॅस्टिकचं उलट. ते वितळायच्या कितीतरी आधी नुसतं नरम पडतं आणि तेवढ्यातच पीळ सोडतं. पॉलिस्टायरीन साधारण १०० अंशांना मऊ होतं. म्हणून मी विचार केला, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे उकळतं पाणी बिनधास्त चालेल?

सातपूर

अजिबात नको! साच्यात दाबून भरलेल्या पीसमध्ये ताण अडकलेला असतो. शंभरच्या जवळ नेलंत की तो सुटतो आणि पातळ कडा पापडासारखी गोळा होते. ६० ते ७० अंशांपासून सुरुवात करा. अर्धा मिनिट बुडवा, चिमट्यानं काढा, हवा तसा धरा आणि धरलेलाच थंड पाण्यात न्या. नाही जमलं तर पाणी थोडं आणखी गरम करून पुन्हा. बाक असेल तर दोन काचांमध्ये दाबा. पीळ असेल तर दोन्ही टोकं धरून उलटा पीळ द्या, सपाटीच्या जरासा पुढे, कारण सोडल्यावर तो थोडा मागे येतोच. कॉकपिटच्या पारदर्शक काचेला यातलं काही करू नका, ती तडकते किंवा धुरकट होते. आणि गरम पाण्याचं काम मोठ्यांनीच करायचं.

धडाचे दोन अर्धे जरासेच बाकलेले असतील तर पाणीसुद्धा नको. नाकाकडून एकेक इंच चिकटवत जा, टेप लावा, सुकू द्या, मग पुढचा इंच.

प्रश्नकर्ता

आरशावर ठेवून पाहिला. डुगडुगतो. म्हणजे पीळच! काल रात्रभर मी तो दोन शब्दकोशांखाली दाबून ठेवला होता, त्याचा उपयोग का झाला नाही ते आत्ता कळलं. टिपणात ‘वाकडा’ खोडून लिहिलंय : ‘पंख आरशावर ठेवा. मध्ये फट असेल तर बाक काढा. डुगडुगत असेल तर पीळ काढा.’

जुनं नाशिक

बाक काढतात. पीळ उतरवतात.

प्रश्नकर्ता

दुरुस्त केलं.