पलूस ते विश्रामबाग रोजची ये-जा: एसटीचा पास काढावा की रेल्वेचा?

पलूसचा_नवखा

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला सांगलीत प्रवेश मिळालाय, कॉलेज विश्रामबागला. खोली आणि मेस परवडणार नाही, म्हणून पलूसहून रोज ये-जा करायचीय. आठवड्याला पाच दिवस कॉलेज, एखादा शनिवार जादा. धाकटी बहीण ११ वीला, तिचंही कॉलेज सांगलीतच. शिवाय आतेबहीण आमच्याकडेच राहते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे तास आठवड्याला चारच दिवस. तिघांचं कमीत कमी पैशात कसं बसवायचं? एसटी स्टँडवर विचारलं की पास काढा म्हणतात, शेजारचे म्हणतात मुलींना अर्धं तिकीट आहेच, पास कशाला. नक्की काय खरं?

आगाराबाहेरचा

दोन्ही खरं आहे, पण ज्याच्या त्याच्या दिवसांवर अवलंबून. आधी हिशोब समजून घ्या.

विद्यार्थी मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत असते. तीस दिवसांच्या ये-जाचं जे भाडं होईल त्याचा तिसरा हिस्सा भरायचा. म्हणजे दहा दिवसांच्या ये-जाचे पैसे भरून महिनाभर फिरायचं. समजा एकेरी तिकीट ५० रुपये आहे (तुमचं खरं भाडं तिकिटावर बघून घाला). रोजचे १००, तीस दिवसांचे ३०००, पास १००० चा. तुम्ही महिन्याला २२ दिवस जाणार. तिकीट काढून २२०० जातील, पास काढला तर १२०० वाचतील. तुमच्या बाबतीत प्रश्नच नाही.

धाकट्या बहिणीला एक रुपयाही लागत नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना १२ वीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. कॉलेजच्या बोनाफाईडवर इयत्ता आणि गाव स्पष्ट लिहून घ्या.

आता आतेबहीण. महिला सन्मान योजनेत १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सगळ्या गाड्यांना ५० टक्के सवलत आहे. तिला रोजचे १०० ऐवजी ५० पडतात. विद्यार्थी पास १००० चा, म्हणजे तिच्या अर्ध्या तिकिटाचे बरोबर वीस दिवस. भाडं ५० असो नाहीतर ८०, हा वीसचा आकडा बदलत नाही. आठवड्याला चार दिवस म्हटल्यावर महिन्याचे १६-१७ दिवस होतात, ८५० रुपयांत भागतं. तिने पास काढू नये. पुढच्या सत्रात पाच-सहा दिवस जावं लागलं तर काढावा. अर्ध्या तिकिटाला सुट्ट्यावरून वाहकाशी वाद होतात, त्यापेक्षा यूपीआयने द्या.

पास कुठून कुठे लिहून घेता तेही बघा. भाड्याचा टप्पा ६ किलोमीटरचा असतो. ३० किलोमीटरला पाच टप्पे, ३१ झाले की सहा. तुमचा थांबा टप्पा ओलांडून जेमतेम पुढे असेल आणि अलीकडचा थांबा चालत जाण्यासारखा असेल, तर पास तिथूनच घ्या. वर्षभर एका टप्प्याचे पैसे वाचतात. वाहक तिकीट देताना किती टप्पे धरतोय ते एकदा विचारून ठेवा. नेटवर फिरणारे भाड्याचे तक्ते बघू नका. बरेचसे २५ जानेवारी २०२५ च्या १४.९५ टक्के भाडेवाढीच्या आधीचे आहेत.

मार्गाचंही तसंच. पलूस-सांगली नांद्रे-वसगडेमार्गेही होतं आणि तासगावमार्गेही. पासवर जो मार्ग आहे त्यावरच तो चालतो. दोन्हीकडच्या गाड्या मिळतात म्हणून लांबचा मार्ग लिहून घेतला तर दर महिन्याला जास्त भरावे लागतात. सकाळी तुमच्या वेळेला कुठल्या मार्गाच्या गाड्या जास्त आहेत ते आठवडाभर बघा आणि मग ठरवा. आणि पास साध्या गाडीचा असतो. घाईत शिवशाहीत चढलात तर तिकीट काढावं लागेल.

खिडकी_नं_२

वरचा एसटीचा हिशोब बरोबर आहे, पण तुमच्या दाराशी स्टेशन आहे हे कुणी सांगितलंच नाही. पलूसमधून किर्लोस्करवाडी स्टेशन सायकलच्या अंतरावर. तिथून आमणापूर, भिलवडी, नांद्रे, माधवनगर, सांगली, मग विश्रामबाग आणि शेवटी मिरज. कॉलेज विश्रामबागलाच आहे म्हटल्यावर आधी रेल्वेचा विचार करायचा.

विद्यार्थ्यांना रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक किंवा तिमाही पास अर्ध्या दरात मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना सवलत ७५ टक्के. खुल्या गटाला वयाची अट २५ वर्षं, अनुसूचित जाती-जमातीला २७. आणि मुलांना १२ वीपर्यंत, मुलींना पदवीपर्यंत, घर ते कॉलेज हा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत आहे. म्हणजे तुमची बहीण आणि आतेबहीण दोघीही फुकट. आतेबहिणीचे ८५० सुद्धा वाचले.

पद्धत अशी. सवलतीचा छापील फॉर्म कॉलेजच्या ऑफिसातून भरून घ्यायचा. त्यावर घराजवळचं स्टेशन, कॉलेजजवळचं स्टेशन, जन्मतारीख, वर्ग, प्राचार्यांची सही आणि शिक्का. फॉर्म, कॉलेजचं ओळखपत्र आणि फोटो घेऊन तिकीट खिडकीवर जायचं. मोबाईलवर पास निघतो, पण तो पूर्ण पैशाचा. विद्यार्थी सवलत हवी तर खिडकीच.

इथे तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, ऑफिसातला कारकून सवयीने 'सांगली' लिहून देतो. तुम्ही 'विश्रामबाग' लिहून घ्या. पास किर्लोस्करवाडी ते विश्रामबाग असला की अलीकडे सांगलीला उतरता येतं, पण पास सांगलीपर्यंतचा असेल तर पुढे विश्रामबागला जाता येत नाही. विश्रामबागला पॅसेंजर थांबतात, एक्स्प्रेसने आलात तर सांगलीला उतरायची तयारी ठेवा. दुसरी, फॉर्मवर खाडाखोड. एक अक्षर खोडलं तरी फॉर्म परत येतो, मग पुन्हा प्राचार्यांच्या सहीसाठी दोन दिवस. तिसरी, पासाबरोबरचं ओळखपत्र घरी विसरणं. ओळखपत्राचा नंबर पासवर असतो, ते जवळ नसेल तर पास असून उपयोग नाही. विनातिकीट धरलं तर किमान २५० रुपये जादा आकार, शिवाय भाडं वेगळं.

गाडीच्या नंबरावर लक्ष ठेवा. पास अनारक्षित डब्यात चालतो, आरक्षण असलेल्या डब्यात नाही. ११ ने सुरू होणारे नंबर, म्हणजे कोयना, महाराष्ट्र वगैरे, साध्या एक्स्प्रेसचे. १२, २० किंवा २२ ने सुरू झाला की सुपरफास्ट, तिथे जादा आकार द्यावा लागतो. वंदे भारतमध्ये पास नाहीच.

तिमाही पास मासिकाच्या २.७ पट पैशात मिळतो. तीन महिने पूर्ण जाणार असाल तर घ्या. मध्ये दिवाळीची किंवा सत्राअखेरची सुट्टी येत असेल तर मासिकच परवडतो. जुलैत काढला तर गौरी-गणपतीचे चार दिवस सोडले तर सगळा वापरला जातो. संपायच्या आधी दहा दिवस नूतनीकरण करता येतं, शेवटच्या दिवशी रांगेत उभं राहू नका.

पलूसचा_नवखा

मुलींना पदवीपर्यंत मोफत हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. पण पॅसेंजर चुकली तर? सकाळी पावणेदहाला प्रॅक्टिकल असतं, उशीर झाला की हजेरी जाते.

आगाराबाहेरचा

म्हणून तुम्ही दोन्ही पास काढू नका, पण दोन्ही वेळापत्रकं पाठ करा. पॅसेंजर कुठे आहे ते रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर किंवा १३९ वर कळतं. घरून निघायच्या आधी बघायचं. अर्ध्या तासाहून जास्त उशीर दाखवत असेल तर स्टेशनला जाऊच नका, थेट एसटी स्टँड गाठा. पुढच्या स्टेशनला पोहोचल्यावर ठरवू म्हणाल तर गाडीही जाते आणि बसही.

महिन्यात तीन-चार वेळा पूर्ण तिकीट काढावं लागलं तरी रेल्वेचा पास स्वस्तच पडतो. ज्या महिन्यात रुळाच्या कामासाठी ब्लॉक जाहीर झालाय त्या महिन्यात मात्र एसटीचा पास घ्या. ब्लॉकमध्ये पहिली रद्द होते ती पॅसेंजरच. धाकट्या बहिणीला दोन्ही मोफत आहेत, तिने दोन्ही पास ठेवायला हरकत कसली!

आणि एसटीचा पास काढायची तारीख नीट निवडा. तो काढलेल्या दिवसापासून सलग मोजला जातो, सुट्ट्या वजा होत नाहीत. गणपतीच्या दोन दिवस आधी पास संपत असेल तर ते दोन दिवस तिकीट काढून जा, नवा पास सुट्टीनंतर काढा.

ओगलेवाडी_फाटा

सातारा-कराडकडच्या पोरांनी हा धागा वाचून लगेच रेल्वेकडे पळू नये, म्हणून लिहितो. सगळीकडे स्टेशन कॉलेजजवळ नसतं.

सातारा स्टेशन माहुलीला, गावापासून लांब. कोरेगाव किंवा रहिमतपूरहून साताऱ्याला येणाऱ्याला रेल्वेचा पास स्वस्त दिसतो, पण स्टेशनवरून गावात यायला रोज रिक्षा नाहीतर शहर बस. शेअर रिक्षाला येऊन-जाऊन ४० रुपये धरले तरी २२ दिवसांचे ८८०. म्हणजे रेल्वेच्या पासात वाचवलेले पैसे रिक्षावाल्याच्या खिशात. साताऱ्याचं एसटी स्टँड मात्र गावातच. त्यामुळे सातारा शहरात शिकणाऱ्याला एसटीचा पासच बरा, स्टेशनवर सायकल ठेवून येणारा असेल तर गोष्ट वेगळी.

कराडला उलट. स्टेशन ओगलेवाडीला, गावापासून बाजूला, पण विद्यानगरची कॉलेजं त्याच बाजूला आहेत. मसूर, शिरवडे, शेणोली, ताकारीकडून येणाऱ्यांना विद्यानगरसाठी रेल्वे सोयीची. कराड गावात क्लास असेल तर नाही.

पासाची किंमत घरापासून वर्गाच्या दारापर्यंत मोजा. रोज १० रुपयांचा सायकल स्टँड धरला तरी २२ दिवसांचे २२०.

मिरज_जंक्शन

थोडं सीमेकडच्यांसाठी. म्हैसाळ, कागवाड बाजूने मिरजेला येणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, कर्नाटकच्या गाडीत आपल्या एसटीचा पासही चालत नाही आणि महिलांचं अर्धं तिकीटही. आपल्याच एसटीतही अर्ध्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. दोन्ही राज्यांच्या गाड्या एकाच थांब्यावर लागतात, बोर्ड बघून चढा.

पासवाली पोरं दिसली की गाडी थांबतच नाही, ही तक्रार सगळ्या तालुक्यांत आहे. ड्रायव्हरशी भांडून काही होत नाही. गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि थांबा लिहून आगार व्यवस्थापकांकडे लेखी अर्ज द्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. एकट्याचा अर्ज बाजूला पडतो. पंधरा-वीस विद्यार्थ्यांच्या सह्या, प्रत्येकाचा पास क्रमांक आणि सोबत ग्रामपंचायतीचं पत्र असेल तर आगाराला उत्तर द्यावं लागतं. कॉलेजच्या वेळेची फेरी सुरू करून घ्यायची तर हेच कागद लागतात, फक्त कोणत्या थांब्यावर किती जण चढतात तो आकडा घाला. प्रवासी दाखवल्याशिवाय फेरी मिळत नाही.

एसटीने शाळा-कॉलेजातच पास द्यायची पद्धत सुरू केलीय. मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांनी विद्यार्थ्यांची यादी आगाराला द्यायची असते. तुमच्या कॉलेजने यादी दिली नसेल तर स्टँडवर रांगेत सकाळ घालवण्यापेक्षा वर्ग प्रतिनिधीला ऑफिसात पाठवा.

खिडकी_नं_२

पासाच्या बाहेरचं एक राहिलं. मोठ्या सुट्टीत मूळ गावी जाणं, परीक्षेला जाणं, शैक्षणिक शिबिर किंवा आजारी आई-वडिलांना भेटायला जाणं, यासाठीही एसटीत विद्यार्थ्यांना ५० टक्के सवलत आहे. मुलांनी सत्र संपताना कॉलेजकडून कारण लिहिलेलं पत्र घेऊन ठेवावं. मुलींना अर्धं तिकीट एरवीही आहे, त्यांना पत्राची गरज नाही.

पलूसचा_नवखा

ठरलं असं: मी किर्लोस्करवाडी ते विश्रामबाग मासिक पास, सवलतीत. दोघी बहिणींना मोफत पास, धाकटीला एसटीचाही. फॉर्मवर विश्रामबाग लिहून घेतो. एक शेवटचं, परीक्षेच्या काळात मी पंधरा दिवस सांगलीत मित्राच्या खोलीवर राहणार. तेव्हा घरून डबा पाठवायचा तर त्याला एसटीत पैसे पडतात का?

आगाराबाहेरचा

नाही. बाहेरगावी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे जेवणाचे डबे एसटीत मोफत जातात. डब्यावर नाव, कॉलेज आणि उतरवायचा थांबा ऑइलपेंटने लिहा, पेनने लिहिलेलं दोन धुण्यांत जातं. झाकणाला कडी असलेला डबा घ्या, पिशवीचा बंद गाठ मारून घट्ट करा. सकाळच्या गर्दीत डबा आडवा होतोच, त्यामुळे आमटी वेगळ्या फिरकीच्या डब्यात. रोज त्याच फेरीने पाठवा, वाहक बदलला तरी सांगलीत कुठल्या फलाटावर थांबायचं ते तुम्हाला माहीत असेल. आणि रिकामा डबा त्याच दिवशी परतीच्या गाडीत द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी डबाच नसतो.