मदत हवी आहे: भंगारात किरणोत्सर्गाचं चिन्ह असलेला डबा आलाय (डिचोली)

सुरंगी:
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बाबांचं गोव्यात डिचोली तालुक्यात भंगाराचं दुकान आहे, मागे पत्र्याची मोठी शेड. २०१२ला खाणी थांबल्या, २०१८ला पुन्हा थांबल्या, तेव्हापासून बंद प्लांटांचं लोखंड आमच्याकडे येतच असतं. रोलर, चाळण्या, कन्व्हेयरच्या फ्रेमा. सोमवारच्या टेम्पोत एक वेगळीच वस्तू आली. आकाराने कळशीएवढी, पण उचलायला दोन पोरं लागली. पिवळ्या रंगाचे पोपडे निघालेत. एका अंगाला दांडा आणि त्याला गंजलेलं कुलूप. रिव्हेट मारलेल्या पट्टीवर ते तीन पात्यांचं चिन्ह, खाली इंग्रजीत सीझियम-१३७ आणि १९९४ साल. एका कोपऱ्यात पत्रा फाटून आतलं शिसं दिसतंय, आणि शिशाला भाव आहे, म्हणून बाबा परवा गॅस कटर लावणार आहेत.

काल रात्री मी गोयानियाबद्दल वाचलं. ब्राझीलमधलं शहर. १९८७च्या सप्टेंबरात दोघांनी ओसाड पडलेल्या दवाखान्यातून कॅन्सरच्या उपचाराच्या यंत्राचा भाग काढला आणि भंगारवाल्याला विकला. आतली पूड अंधारात निळी चमकायची, म्हणून त्याने ती नातेवाइकांना, मित्रांना वाटली. सहा वर्षांच्या एका मुलीने पूड लागलेल्या हातांनीच खाल्लं. ती गेली, भंगारवाल्याची बायको गेली, दुकानातले दोन कामगार गेले. वाचल्यापासून डोळ्याला डोळा नाही. तेही आमच्यासारखंच दुकान होतं.

बाबा आणि दोन्ही पोरांनी तो डबा हाताळलाय. त्यांच्या अंगात काही गेलं असेल का? चवथ तोंडावर आहे, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीच्या सुपाऱ्या आणि नारळ त्याच शेडमध्ये डब्यापासून चार हातांवर ठेवलेत, ते टाकून द्यायचे का? काका म्हणतात आयोडीनच्या गोळ्या आणूया. आणि कळवायचं कुणाला? ज्याने माल विकला तो आता म्हणतो, आमचा नव्हेच. पोलीस आपल्यालाच धरतील अशी बाबांना भीती आहे.

आरएसओ_निवृत्त:
सुरंगीताई, आधी कटर थांबवा. बाकी सगळं नंतर वाचा.

मी अशी यंत्रं असलेल्या कारखान्यांत किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी होतो. तुम्ही वर्णन केलंय तो बहुतेक न्यूक्लिऑनिक गेज आहे. पाइपातून जाणारा गाळ किती घट्ट आहे किंवा टाकी कुठवर भरली आहे, हे बाहेरून मोजायला तो लावतात. पोटात करंगळीच्या टोकाएवढी पोलादी कुपी असते, भोवती शिसं. दांड्याने झडप उघडते-मिटते. दांडा ‘बंद’वर आणि कुलूप जागेवर असेल तर किरण बऱ्याच अंशी आतच अडतात. सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी द्रव्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, तीस वर्षांचं, त्यामुळे १९९४चा माल अजून निम्म्याच्या आसपास जिवंत आहे. जुनं झालं म्हणजे मेलं, असं समजू नका.

आता तुमची मुख्य शंका. अंगावर किरण पडणं वेगळं आणि सीझियम अंगात जाणं वेगळं. कुपी शाबूत असेल तर दुसरी गोष्ट घडत नाही. गोयानियात कुपी फोडली होती आणि आत पाण्यात सहज विरघळणारी क्लोराइडची पूड होती, म्हणून ती हाताला, अन्नाला, घराला लागली. तिथं एक लाखाहून जास्त लोक तपासावे लागले, त्यातले २४९ जण दूषित निघाले. गेजमधलं सीझियम बहुधा सिरॅमिकमध्ये घट्ट बसवलेलं असतं, पण कटरच्या ज्योतीपुढे त्याचा भरवसा धरू नका. आणि चुकून भट्टीत गेलं तर धुराबरोबर सगळीकडे. १९९८ला स्पेनच्या एका पोलाद कारखान्यात नेमकं हेच झालं. २०२५मध्ये इंडोनेशियाहून अमेरिकेत गेलेल्या कोळंबीत सीझियम सापडलं, तेव्हाही तपास भंगार वितळवणाऱ्या कारखान्यापाशीच पोचला.

नारळ-सुपाऱ्या टाकू नका. या किरणांनी वस्तू स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. लासलगावला कांद्यावर मुद्दाम असेच गॅमा किरण सोडतात आणि तो आपण खातो. फक्त त्या आणायला आत्ता शेडमध्ये जाऊ नका. डबा हलवू नका, दांड्याला हात लावू नका, झाडलोट नको, पाणी मारणं नको. सगळ्यांना लांब न्या. एका मीटरवर जेवढा मारा, दहा मीटरवर त्याचा शंभरावा भाग.

११२ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात किरणोत्सर्गाचं चिन्ह, सीझियम-१३७ असं सांगा. पट्टीचा फोटो आधी काढलेला असेल तर तो आणि टेम्पोची पावती जपून ठेवा. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळालाही कळवा. गेज वापरायला त्यांचा परवाना लागतो, त्यामुळे पट्टीवरच्या क्रमांकावरून मूळ मालक निघू शकतो. स्वतःहून कळवणं हीच बाबांची सगळ्यात भक्कम बाजू आहे.

फोंड्याची_डॉक्टर:
आयोडीन नको. ते थायरॉइडमध्ये किरणोत्सर्गी आयोडीन शिरू नये म्हणून देतात, सीझियमवर त्याचा काडीचा उपयोग नाही. शरीराला सीझियम पोटॅशियमसारखं वाटतं, ते स्नायूंत पसरतं. खरोखरच पोटात गेलं असेल तर प्रशियन ब्लू देतात. आतड्यात उतरलेलं सीझियम ते धरून ठेवतं आणि शौचावाटे बाहेर काढतं. मोठ्या माणसात एरवी निम्मं व्हायला ११० दिवस लागतात, ते साधारण ३० दिवसांवर येतं. पण हे औषध तज्ज्ञांनी मोजमाप करूनच द्यायचं.

ताई, त्या तिघांना उलट्या झाल्या का? हात लाल झालेत, भाजल्यासारखे दुखतायत? असं काही नसलं तरी आजच रक्ततपासणी करा आणि दोन दिवस पुन्हा पुन्हा करा. लिम्फोसाइट, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, उतरतायत का ते बघायचंय. त्वचेवर लाली उशिरानेही येते, म्हणून महिनाभर हातांवर लक्ष असू द्या.

सुरंगी:
उलट्या नाहीत, हात ठीक आहेत. बाबा आधी चिडले, मग भंगारवाल्याच्या बायकोचं वाचून दाखवलं तेव्हा गप्प बसले. फोन त्यांनी स्वतः केला. शेडला दोरी लावलीय.

सुरंगी (तीन दिवसांनी):
मुंबईहून दोघे मीटर घेऊन आले होते. दांडा ‘बंद’वरच होता. कापडाने डबा आणि जमीन पुसून मोजलं, कुठेही गळती नाही. बाबांच्या आणि पोरांच्या तळव्यांवरून, नखांवरून मीटर फिरवला, काही मिळालं नाही. रक्ताचे तिन्ही रिपोर्ट नॉर्मल. डबा त्यांनी नेला. आरएसओ काका, डॉक्टरताई, तुमचे उपकार कसे फेडू?

एक काळजी मात्र राहिलीय. त्या प्लांटवर असे दोन गेज होते असं तिथला जुना फिटर सांगतो. त्याच दिवशी भरलेला दुसरा टेम्पो फोंड्याच्या बाजूला गेला. अधिकाऱ्यांना सांगितलंय, पण तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीत भंगाराचा धंदा असेल तर आजच फोन करून विचारा. पिवळा, कळशीएवढा, आकाराच्या मानाने फार जड.