ऐकण्यातून लक्ष मोजता येते का?

प्रश्न (अंबाजोगाई परिसर): माझ्या पाचवीच्या वर्गातील एक मुलगा शांततेत सगळे नीट ऐकतो, परंतु रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला की त्याचे श्रुतलेखन अर्ध्या वाक्यातच थांबते. त्याला सरसकट ‘लक्ष नाही’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. हे चाचणीतून वेगळे करून पाहता येईल का?

उत्तर १: येईल, ताई. मुलाला एकसुरी ठोके मनातल्या मनात मोजायला सांगतात आणि मधले विराम मुद्दाम लांबवतात. त्या कंटाळवाण्या शांततेत मोजणी सुटली, तर टिकून राहणारे लक्ष कमी पडते. त्यातच दुर्लक्ष करण्याजोगे उंच स्वर मिसळले की निवडक लक्षाची, म्हणजे नको ते वगळून हवे तेच ऐकण्याची, परीक्षा होते. तुमच्या विद्यार्थ्याची अडचण बहुधा इथली असावी.

उत्तर २: याच निवडक लक्षासाठी ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये दोन्ही कानांत वेगवेगळे संदेश ऐकवून एकच मोठ्याने म्हणायला लावला. दुसऱ्या कानातला आवाज बाईचा की पुरुषाचा हे लोकांना कळे, मजकूर मात्र सांगता येत नसे.

उत्तर ३: आधी कान तपासून घ्या, ही कळकळीची विनंती. शिवाय तो तांड्यावरचा असेल आणि घरी गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलत असेल, तर मराठी शब्दांऐवजी ठोकेच वापरा. नाहीतर मोजले जाईल ते भाषेचे ओझे.