पाकीट नको, मागची यादी बघा

‘पाकिटातलं सगळंच अतिप्रक्रियायुक्त (अल्ट्रा-प्रोसेस्ड)’, म्हणजे घरी नसणारे घटक घालून कारखान्यात बनवलेलं, असं काहीजण म्हणतात; ते मत सरसकट पटत नाही. इथे इंदूरला लवंग शेवेच्या साध्या पाकिटावर बेसन, तेल, मीठ, मसाले एवढंच असतं. तळकट आहे, रोज बकाणे भरू नयेतच. पण हे सगळं आपल्या डब्यांतही सापडतं. उलट नातीसाठी आणलेल्या ‘मल्टिग्रेन’ बिस्किटांवर माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, इमल्सिफायर ४७१... हे कुणाच्या स्वयंपाकघरात असतं?

आणि दोष फक्त साखर-मिठाचा नाही. अमेरिकेत आहार-संशोधक केव्हिन हॉल यांच्या २०१९च्या प्रयोगात २० जणांना दोन-दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि कमीत कमी प्रक्रियेचं, असं दोन्ही तऱ्हांचं जेवण दिलं. वाढलेल्या ताटांत साखर, मीठ, चरबी, तंतू सारखेच. तरी अतिप्रक्रियायुक्त जेवण माणसं भराभर आणि दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती.