सिप्रो चालू आहे आणि बाबांची टाच दुखतेय, संबंध असेल का?

बाबा ६८ वर्षांचे आहेत, लघवीचं इन्फेक्शन झालं म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० दिवसातून दोनदा, आज चौथा दिवस. जळजळ थांबली पण कालपासून टाचेच्या वरची मागची शीर दुखतेय, सकाळी जिना उतरताना कठडा धरून आडवे होऊन एकेक पायरी उतरत होते. दम्यासाठी प्रेडनिसोलोन पण चालू आहे. आई म्हणते चालणं जास्त झालं असेल, तेल लावून चोळते. कोर्स अर्धवट सोडू नये म्हणतात म्हणून विचारतोय.

उत्तर १
चोळणं आधी थांबवा!! मी मेडिकलच्या काउंटरवर १४ वर्षं आहे. सिप्रोची पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा आणि प्रेडनिसोलोनचं आवर्जून सांगा, ती मात्र मनाने बंद करू नका. साठीच्या पुढचं वय, स्टेरॉइड (म्हणजे प्रेडनिसोलोन) आणि सिप्रो हे तिन्ही एकत्र आलं की ती शीर (रक्ताची नाही, स्नायू हाडाला जोडणारी, टेंडन) सुजू शकते, कधी तुटतेसुद्धा, गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनीही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २००८ मध्येच यासाठी काळ्या चौकटीतला, म्हणजे सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. डॉक्टर चुकले असं नाही, पुरुषांत इन्फेक्शन प्रोस्टेटपर्यंत गेलेलं असू शकतं आणि हे औषध तिथे चांगलं पोचतं.
काम कसं करतं तर, जंतूचा डीएनए पिळाच्या दोरीसारखा, उलगडायला गेलं की पुढे पीळ घट्ट होतो. गायरेज नावाचं एन्झाइम दोरी कापून पीळ सैल करतं आणि परत जोडतं. सिप्रो त्याला कापलेल्या अवस्थेतच धरून ठेवतं, तुकडे जोडलेच जात नाहीत, जंतू मरतो. लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन त्याच घरातली, म्हणून बदलून ती दिली तरी टाचेचं सांगायचंच.

उत्तर २
दादा, आणखी एक, माझ्या सासूबाई हीच गोळी दुधाबरोबर घ्यायच्या आणि ताप हटेना, दुधातलं कॅल्शियम गोळीला धरून ठेवतं, ती अंगी लागतच नाही. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. बाबांना शुगरची औषधं असतील तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, तेही बघा.

प्रश्नकर्ता
फोन केला, लगेच बंद करायला सांगितली. कल्चरचा (लघवीतले जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडेल ते बघतात तो) रिपोर्ट आला होता, त्यावरून दुसऱ्या गटातलं औषध दिलंय. पायावर जोर द्यायचा नाही, संध्याकाळी दाखवायला नेतोय. आईने तेलाची वाटी आत नेऊन ठेवली. दोघांचे मनापासून आभार.