मदत हवी आहे: पेडणे-बार्देश-डिचोलीचा व्यावसायिक फुटबॉल संघ तग धरेल का?

नमस्कार मंडळी. उत्तर गोव्यातले हे तीन तालुके मिळून एक संघ उभा करायचा तर वर्षाचा खर्च निघेल का, हे तपासून हवं आहे.

अंदाज असा: 25 खेळाडू, सरासरी 25,000 रुपये, 8 महिने. नुसता पगारच 50 लाख. प्रशिक्षक, फिजिओ, बस, विमा, मैदानाचं भाडं वेगळं. उलट बाजूला घरचे 10 सामने, दर सामन्याला 1,000 प्रेक्षक, 50 रुपये तिकीट धरलं तरी हाती 5 लाख. (गावच्या स्पर्धेच्या फायनलला तोबा गर्दी आणि लीगचा सामना कामाच्या दिवशी दुपारी चारला, मग येणार कोण?)

म्हणजे सगळी मदार प्रायोजकावर, आणि खरी गोम तिथेच आहे. धेंपो, साळगावकर हे खाण उद्योगातल्या घराण्यांचे संघ. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या. 2016 मध्ये दोघेही आय-लीगमधून (तेव्हाची देशातली अव्वल फुटबॉल लीग) बाहेर पडले, मात्र तेव्हा मुख्य वाद लीगच्या नव्या रचनेचा होता. अख्ख्या गोव्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत साडेचौदा लाख, त्यात एफसी गोवा हा मोठा व्यावसायिक संघ आधीच आहे.

खेळाडू घडवून विकणं हा एक मार्ग. आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतले 5 टक्के 12 ते 23 वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात, पण खेळाडूची नोंदणी पहिल्या दिवसापासून चोख हवी.

जाणकारांनी सांगावं: एकाच प्रायोजकाकडून किती टक्क्यांपर्यंत पैसा घेणं सुरक्षित? सदस्य-वर्गणीचा क्लब करायचा तर सोसायटी बरी की कंपनी? आणि म्हापशाच्या धुळेर मैदानाचं रात्रीच्या सामन्याचं, दिव्यांसकट भाडं सध्या किती?