दिवसभर खणून अर्धी वाटी पाणी. वाळवंटात हवेतून पाणी खरंच निघतं का?

कोरडवाहू: वाळवंटातल्या मुक्कामात मांडीभर खोल खड्डा खणला, तळाशी पातेलं ठेवलं, वर प्लॅस्टिक ताणून मधोमध खडा ठेवला, कडा वाळूने दाबल्या. संध्याकाळी पातेल्यात जेमतेम अर्धी वाटी, त्यालाही प्लॅस्टिकचा वास. खणताना मी लिटरभर पाणी रिचवलं ते वेगळंच. माझं चुकलं कुठे?

टिपकागद: चुकलं काही नाही, पण ते पाणी हवेतलं नव्हतंच. उन्हाने जमिनीतली ओल वाफ होऊन वर आली आणि प्लॅस्टिकला चिकटली, इतकंच. वाळूच कोरडी ठणठणीत, तर येणार कुठून? आटलेल्या नदीच्या पात्रात खणला असतात तर थोडं बरं निघालं असतं.

हवेचं म्हणाल तर 35 अंशांना, 20 टक्के आर्द्रतेत, घनमीटरभर हवेत साधारण 8 ग्रॅम वाफ असते. म्हणजे लिटरभर पाण्यासाठी पाच मीटर लांब, रुंद आणि उंच खोलीतली सगळी हवा पिळून काढायची! त्यात अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, 9 अंशांच्या आसपास. भर दुपारी इतकं गार काय करणार?

म्हणून मी सिलिका जेल वापरतो, म्हणजे हवेतली वाफ शोषणारे आणि तापले की ती सोडणारे दाणे. रात्री आर्द्रता वाढते तेव्हा दाणे ताटात पसरून ठेवायचे, सकाळी काळ्या रंगाच्या, काचेचं झाकण असलेल्या पेटीत बंद करून उन्हात. काच तिरपी हवी, नाहीतर थेंब खालच्या पन्हळीत न जाता परत दाण्यांवरच पडतात (माझा पहिला आठवडा यातच गेला). किलोभर दाण्यांमागे अर्धा पेला मिळाला तरी मी खूश असतो. निळे दाणे मात्र नकोत, त्यांत विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं.

धुकेवाला: किनाऱ्यालगतचं वाळवंट असेल तर एवढा खटाटोप कशाला? चिलीतल्या चुंगुंगो गावाला 1992 पासून काही वर्षं डोंगरावर ताणलेल्या जाळ्यांमधून पाणी मिळत होतं. धुक्यात थेंब आयतेच तयार असतात, जाळीने फक्त अडवायचे.

टिपकागद: खरंय, पण यांच्याकडे धुकं असतं तर हा धागाच निघाला नसता. कोरड्या हवेसाठी एमओएफ नावाचे सच्छिद्र पदार्थ आलेत. त्यांतले काही 20 टक्के आर्द्रतेतही वाफ शोषतात आणि माफक उष्णतेत सोडतात. ओमर याघींना 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं ते अशाच पदार्थांवरच्या कामासाठी.

कोरडवाहू: असं जमवलेलं पाणी थेट प्यायचं का?

टिपकागद: वाफेचं पाणी तसं स्वच्छच, पण काचेवरची धूळ आणि पन्हळीतले जंतू त्यात उतरतात. फडक्याने गाळा, उकळा. सरपण नसेल तर पारदर्शक पेट प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवा. जंतू मरतील, तुमचा तो प्लॅस्टिकचा वास काही जाणार नाही.